फ्रेमवाल्याची दमलेली टीम

फ्रेमवाल्याला आयुष्यात एकच शब्द कधी जमला नाही, तो म्हणजे 'नाही'. एरवी बोलायला माणूस फर्डा. फोटो घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तो लाकडाची पट्टी, काच आणि फोटोतल्या माणसाचा स्वभाव असं सगळं समजावून सांगायचा. पण समोरच्याने जरा गोडीने काही मागितलं की खेळ खलास. फ्रेम उद्या संध्याकाळी मिळेल का? हो. सकाळी मिळाली तर बरं होईल. हो, सकाळी. आत्ता उभ्या उभ्या? बसा की, हो. त्याची बायको सगळ्यांना सांगायची, "माझे वडील आधी विचारायला गेले म्हणून बरं. दुसरं कोणी आधी पोचलं असतं तर हे तिथेच हो म्हणून मोकळे झाले असते."

आता असल्या माणसाला फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी कोणी करावं? पण क्लबाने केला. सभेत एकेकाला विचारत गेले, सगळ्यांनी अंग काढून घेतलं, आणि शेवटी याची पाळी आली. पुढचं सांगायला नको.

क्लब तसा साधा. खेळणारी सगळी कामावर जाणारी माणसं. गोलकीपर बेकरीत भट्टीवर, म्हणजे गाव झोपेत असताना हा उठलेला. पुढे खेळणारा न्हावी, दिवसभर खुर्चीभोवती उभा. उजवीकडून पळणारा पोस्टमन, तो तर कामातही पळायचाच. आणि बचावात मधोमध फ्रेमवाल्याचा सख्खा जावई. हा लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्ट बंद पडल्याशिवाय त्याला कोणी बोलवत नसे, आणि बंद लिफ्टपर्यंत पोचायला जिनाच चढावा लागतो. बिचाऱ्याचा निम्मा जन्म जिन्यात गेला होता.

फ्रेमवाल्याने क्लबात एक पद्धत पाडली होती. प्रत्येक मॅचच्या आधी टीमचा फोटो. मागची रांग उभी, पुढची गुडघ्यावर, मधे चेंडू, कडेला कोट घातलेले स्वतः सेक्रेटरी. तो फोटो हा आपल्या हाताने फ्रेम करून दुकानाच्या भिंतीवर लावायचा. सुरुवातीचे फोटो बघून ऊर भरून यावा. छाती पुढे, मान ताठ, न्हाव्याच्या केसांना तेल.

त्या वर्षी टीम जिंकत सुटली, आणि इथेच सगळा घोळ झाला. फुटबॉलचा न्याय मोठा अजब. कप स्पर्धेत जो हरतो तो घरी जाऊन पाय पसरून झोपतो, आणि जो जिंकतो त्याला बक्षीस म्हणून आणखी एक मॅच. आपली टीम लीग खेळत होती, मोठा कप खेळत होती, छोटा कप खेळत होती, आणि कोणाच्या तरी स्मृतीप्रीत्यर्थ एक ढालही खेळत होती. कोणाच्या ते कोणालाच ठाऊक नव्हतं, फ्रेमवाल्यालासुद्धा. त्याला फक्त फोन आला होता. "तुमच्या टीमशिवाय स्पर्धेला शोभा नाही हो," पलीकडचा म्हणाला. झालं! याच्या तोंडून 'हो' गेलं आणि मग याने विचारलं, कसली स्पर्धा?

हळूहळू टीम ढेपाळायला लागली. आधी बरोबरी, मग एका गोलाने हार, मग मोजायला नको वाटेल अशी हार. तिन्ही स्पर्धांतून टीम उपांत्य फेरीत बाहेर पडली, म्हणजे सगळे सामने खेळून झाल्यावर आणि हाताला काही लागण्याच्या आधी. तोपर्यंत लीगमध्येही ती घसरत घसरत तळाला आली. पोस्टमन चेंडूच्या मागे धावायचं सोडून चेंडू इकडे येईल का याची वाट बघायला लागला. गोलकीपर तर एकदा खांबाला टेकला तो टेकलाच, दोन गोल त्याच्या बाजूने गेले, त्याला तिसऱ्याला जाग आली.

यावर फ्रेमवाल्याकडे एक औषध होतं, भाषण. प्रत्येक मॅचच्या आधी तो कपडे बदलायच्या खोलीत उभा राहायचा आणि सांगायचा, "मित्रांनो, थकवा मनात असतो, पायात नसतो!" हे वाक्य त्याला फार आवडायचं. एकदा तर त्याने ते सुंदर अक्षरात लिहून घेतलं आणि फ्रेम करून त्या खोलीत टांगलं. पोरं त्या फ्रेमला टॉवेल अडकवायची.

फोटोही बिघडायला लागले. मागची रांग एकमेकांना टेकून उभी. पुढच्या रांगेचे गुडघे गेले, ती बसलेलीच. एका फोटोत तर सहा जणांचे डोळे मिटलेले. फ्रेमवाल्याने फोटोग्राफरला दुकानात बोलावून झापलं. "अहो, डोळे उघडे असताना काढा ना!"

फोटोग्राफर म्हणाला, "तसा क्षण आला नाही."

"मग थांबायचं!"

"थांबलो होतो. त्यात आणखी दोघांनी मिटले."

शेवटी लीगची एकच मॅच उरली. ती हरली तर टीम दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, बरोबरी झाली तरी पहिलीत टिकली. क्लब जन्मापासून पहिल्या डिव्हिजनमध्ये. फ्रेमवाल्याच्या सासऱ्याच्या वेळेपासून. जो सेक्रेटरी टीमला खाली घालवेल त्याचं नाव गल्लीत कसं घेतलं जाईल हे त्याला कोणी सांगायला नको होतं. त्याची झोप उडाली. क्लबात झोप उडालेला तो एकटाच, बाकी सगळे मिळेल तिथे झोपत होते.

मुलगी नवऱ्याला घेऊन आली ती तणतणत. "बाबा, हे काल बुटांसकट झोपले. जेवताना झोपले. परवा लिफ्टमध्ये झोपले, लोकांना वाटलं लिफ्ट पुन्हा बंद पडली. तुम्हाला काही वाटतं की नाही?"

जावई बिचारा मवाळ. सासऱ्यासमोर आवाज चढवायचा नाही असा त्याचा स्वभाव. तो मांडी चोळत एवढंच म्हणाला, "बाबा, मांडी धरून येते आहे. मॅच एक आठवडा पुढे ढकलता आली तर बघा. तेवढी विश्रांती मिळाली तर आपण टिकू."

"जावईबापू, तुम्ही शब्द टाकला आणि मी नाही म्हणेन होय?" फ्रेमवाला म्हणाला. ते तर खरंच होतं. त्याने कोट चढवला आणि तडक लीगच्या कचेरीत गेला.

लीगचे अध्यक्ष मोठे गोड माणूस. त्यांनी खुर्ची दिली, पंखा याच्याकडे वळवला, याची तक्रार डोळे मिटून ऐकली. "अगदी खरं आहे. खेळाडूंचा थकवा हा फार गंभीर विषय. आम्ही त्यावर समिती नेमली आहे. पण समितीचे सदस्य सध्या फार दमलेत, बैठकच होत नाही." मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "मॅच पुढे ढकलणं काही जमायचं नाही हो. पण तुम्ही आलात ते बरं झालं. तिच्या आदल्या दिवशी आमच्या नव्या मैदानाचं उद्घाटन आहे. फीत कोणी कापावी यावर आमच्यात दुसरं नावच निघालं नाही."

फ्रेमवाल्याच्या कानात फीत कापल्याचा आवाज आला.

"म्हणजे तुमचंच," अध्यक्ष म्हणाले. "आणि मग एक छोटीशी मैत्रीची मॅच. तुमची टीम नसेल तर मैदानाला काय अर्थ?"

तर असा हा मनुष्य. एक मॅच पुढे ढकलायला गेला आणि एक मॅच वाढवून घेऊन आला! घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा मुलीने हातातलं भांडं आपटलं. बायकोने फक्त त्याचा कोट हातात घेऊन खुंटीला लावला, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. "अगं, मैत्रीची मॅच आहे," फ्रेमवाला म्हणाला, "मैत्रीत कोणी दमतं का?" जावयाने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि बूट पुसायला घेतले.

उद्घाटन झोकात झालं. फीत कापली, टाळ्या पडल्या, फ्रेमवाल्याचं भाषण झालं. मैत्रीची मॅच टीम मैत्रीने हरली. पोरं पूर्ण वेळ पळाली, कारण समोरचे नव्या मैदानावर नवे बूट घालून उड्या मारत होते.

आणि दुसऱ्या दिवशी खरी मॅच. समोरची टीम कोणती, तर सगळ्या कपांमधून पहिल्याच फेरीत बाहेर पडलेली, अख्खा मोसम आराम करून गुबगुबीत झालेली. त्यांचे गाल बघूनच न्हावी म्हणाला, "यांनी झोप काढली आहे रे." आपला गोलकीपर मात्र खोलीत बाकावर आडवा झाला होता, त्याला उठवण्यातच वेळ गेला, आणि मोसमात पहिल्यांदा मॅचच्या आधी फोटो राहून गेला. भाषण मात्र राहिलं नाही. "थकवा मनात असतो!" टॉवेलांच्या मागचं ते वाक्य कोणाला दिसत नव्हतं, पण पाठ होतं सगळ्यांना.

मैदानात पोरांनी कमाल केली, खरंच केली. पळता येत नव्हतं म्हणून ती आडवी पडून चेंडू अडवत होती. जावई एका पायावर खेळत होता म्हटलं तरी चालेल. पूर्वार्ध शून्य-शून्य. उत्तरार्धात पोस्टमनच्या पोटरीत गोळा आला, त्याच्या जागी एक बदली खेळाडू गेला. मग आणखी एकाला उचलून आणलं, दुसरा बदली गेला. तरी शून्य-शून्यच. थोडा वेळ उरला होता. एवढा निभावला की टीम टिकली.

तेवढ्यात जावई मांडी धरून खाली बसला आणि उठलाच नाही.

बाकावर आता एकच बदली खेळाडू होता, तो म्हणजे सेक्रेटरी. यादीत रिकामी जागा बरी दिसत नाही म्हणून त्याने स्वतःचं नाव शोभेला घालून ठेवलं होतं. पंचांनी विचारलं, "येताय का?" आता या माणसाला कोणी काही विचारावं! कोट गेला, जावयाचा घामाने भिजलेला शर्ट अंगात आला आणि फ्रेमवाला जावयाच्या जागी जाऊन उभा राहिला.

सुरुवातीला त्याला फार भारी वाटलं. एक चेंडू समोरून गेला, हा त्याच्यामागे जोरात धावला. चेंडू बाहेर गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग चेंडू दुसऱ्या बाजूला गेला, हा तिकडे धावला. मग परत इकडे. तिसऱ्या वेळी त्याला कळलं की आपला श्वास आपल्या बरोबर आलेला नाही. छातीत भाता चालला होता, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, आणि पाय कोणा दुसऱ्याचे असावेत तसे लोंबत होते. अरे, मी तर आत्ता आलो, त्याच्या मनात आलं. आत्ता आलो तर ही गत, मग ही पोरं कालपासून... छे, कालपासून कुठली! त्याला एकदम लाज वाटली. भर मैदानात, सगळ्यांसमोर, कान तापेपर्यंत लाज वाटली.

आणि तेव्हाच कॉर्नर आला. गोलकीपरने हवेत हात घातला, चेंडू निसटला आणि नेमका फ्रेमवाल्याच्या पुढ्यात पडला. फक्त मारायचा होता. कुठेही, कसाही. त्याने पायाला सांगितलं, मार. मन एकदम ताजं होतं हो, मनात कसला थकवा नव्हता! पण पाय हलला नाही. समोरचा गुबगुबीत पोरगा आरामात आला, याच्या पायापुढून चेंडू घेतला आणि गोलात टाकला.

मॅच संपल्याची शिट्टी झाली. टीम जिथल्या तिथे गवतावर आडवी झाली, आणि त्यांच्यात फ्रेमवालाही. कोणी त्याला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. न्हावी सरपटत जवळ आला आणि पोटरी चोळून देता देता म्हणाला, "काका, कुठे दुखतंय? मनात?" दोघं-तिघं हसले. फ्रेमवाल्याने डोळे मिटले. ते ओले झाले होते आणि ते पोरांना दिसू नयेत असं त्याला वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात फोटोग्राफर दुकानात आला. "मॅचच्या आधीचा राहिला होता, म्हणून नंतरचा काढला," तो जरा घाबरतच म्हणाला. फोटोत सगळी टीम गवतावर आडवी, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि मधोमध, जिथे चेंडू असतो तिथे, तोंड वासून पडलेला सेक्रेटरी. फ्रेमवाल्याने फोटो हातात घेतला. त्याने चांगल्यातली पट्टी काढली, काच दोनदा पुसली आणि तो फोटो फोनच्या वर लावला.

दुकानाच्या आतल्या खोलीत खाटेवर जावई होता. मांडीला पट्टा, पायाखाली उशी. डॉक्टरांनी जिने बंद केले होते, आणि घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणून मुलीने त्याला इथे आणून टाकलं होतं. मॅच हरल्यापासून तो जो झोपत होता तो जेवायला उठायचा आणि पुन्हा झोपायचा.

फोन वाजला. फ्रेमवाल्याने झडप घालून उचलला, आत आवाज जाऊ नये म्हणून.

"नमस्कार, नमस्कार!" अध्यक्षांचा तोच गोड आवाज. "वाईट झालं हो. पण आता दुसऱ्या डिव्हिजनच्या टीमसाठी आम्ही खास एक कप सुरू करतोय. पुढच्याच आठवड्यात. तुमच्या टीमशिवाय..."

फ्रेमवाल्याच्या ओठांवर तो शब्द आला. जन्मभर यायचा तसाच आला. आतून जावयाचं घोरणं ऐकू येत होतं. बायको दारात येऊन उभी राहिली, ओल्या हातांनी, त्याच्याकडे बघत.

"टीम झोपली आहे," तो हळू आवाजात म्हणाला.

"अं? मग उठली की सांगा ना."

"मी उठवणार नाही," फ्रेमवाला म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.  बायकोने आतलं दार हलकेच लोटून घेतलं.