म्हशीऐवजी हरीण

कोळवणच्या ज्या शाळेत मी शिकवते, तिथल्या मुलांना निसर्गाची गोडी लागावी असं पुण्याच्या एका ताईंना फार वाटायचं. त्यांचं आमच्या खोऱ्यात फार्महाऊस आहे. शनिवार-रविवार त्या निसर्गात असतात. आमची मुलं बिचारी आठवडाभर भातखाचरात, ओढ्यावर नि डोंगरात. त्यांना निसर्ग कुठून दिसणार?

मुलांनी बागेवर कविता करायच्या असं ठरलं. बाग कुणीच पाहिली नव्हती, म्हणून ताईंनी स्वतः बस केली आणि झाडं दाखवायला आम्हाला पुण्यात नेलं.

बाग सुरेख होती. प्रत्येक झाडाला पाटी आणि प्रत्येक हिरवळीला कुंपण. आमची चौथीतली एक मुलगी चप्पल काढून गवतात शिरली, तशी रखवालदाराने शिट्टी मारली. ती निमूट बाहेर आली आणि मला म्हणाली, ‘‘बाई, एवढं गवत कुणासाठी ठेवलंय?’’

‘‘बघायला,’’ मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

बाकावर बसून तिने कविता लिहिली:

बागंत गवत लई हाय
पण खायला म्हस न्हाई.
पाय टाकला की शिट्टी,
बसायचं तरी कुटं बाई?

ताईंनी ती वाचली आणि प्रेमाने सुधारली. ‘हाय’चं ‘आहे’ केलं, शिट्टीच्या जागी कोकिळा आणली. म्हशीपाशी मात्र त्या अडल्या. ‘‘म्हैस जरा जड वाटते गं कवितेत. आपण हरीण घेऊ या?’’

‘‘हरीण आमच्याकडं न्हाई,’’ मुलगी म्हणाली.

‘‘कल्पना करायची, बाळा.’’

पुढच्या रविवारी ताईंच्या फार्महाऊसच्या अंगणात कवितावाचन झालं. पाहुणे शहरातून आले होते. बहुतेक कवितांत फुलपाखरं बागडत होती, तीही एकाच वळणाने. ताईंनी मेहनतच तेवढी घेतली होती. मग ही उभी राहिली. हातात सुधारलेला कागद होता, पण तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. म्हशीसकट, शिट्टीसकट आपली कविता म्हणून टाकली. मुलांच्या आया मागे उभ्या होत्या, त्या खळखळून हसल्या. पाहुण्यांनी आधी ताईंकडे पाहिलं आणि मग हसायचं की नाही ते ठरवलं.

बक्षीस अर्थातच फुलपाखराला गेलं. हिला उत्तेजनार्थ रंगपेटी मिळाली आणि ‘‘भाषेवर मेहनत घे’’ हा सल्ला. मी मान डोलावली. चहा त्यांचा होता. पण आतून इतका आनंद झाला होता की चेहरा गंभीर ठेवणं जड गेलं.

परतताना मी तिला विचारलं, ‘‘ताईंनी बदललेली का नाही म्हटलीस?’’

‘‘ती त्यांची हाय,’’ ती म्हणाली. ‘‘त्यांनी म्हणावी.’’

आता मधल्या सुट्टीत ती पायरीवर बसून काहीतरी लिहीत असते. परवा मी सहज डोकावले, तर तिने कागदावर हात ठेवला.

‘‘अजून झाली न्हाई, बाई. एवढ्यात बघू नका.’’

मी गुपचूप वर्गात गेले.