भाष्याचे दोन भाग आणि रूथची हळद

प्रभू माणसाला वाट दाखवतो यावर माझा पहिल्यापासून विश्वास आहे, पण तो टेम्पोही पाठवतो हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या मुलीच्या, रूथच्या, हळदीच्या दिवशी मी सकाळीच नसरापूर फाट्यावर काखेत एक जाडजूड पुस्तक घेऊन वेल्ह्याच्या एसटीची वाट पाहत उभा होतो. माझा थोरला भाऊ, दादा, लग्नाला येणार नाही म्हणून अडून बसला होता आणि रूथनं घरात सांगून टाकलं होतं, की थोरले पप्पा आल्याशिवाय ती पाटावर बसणार नाही. लहानपणी ती दादाच्या खांद्यावरून खाली उतरायची नाही, त्यामुळे तिची समजूत घालणं आमच्या हातात नव्हतंच. दादा आज आला नाही, तर पुन्हा कधीच यायचा नाही, ही भीती मात्र माझ्या एकट्याची होती.

भांडणाचं मूळ माझ्या काखेतच होतं. आमचे वडील प्रभूजवळ गेले तेव्हा घर, भांडी, सगळ्याची वाटणी शांततेत झाली. शेवटी उरलं त्यांचं बायबलवरचं भाष्य. कुणा परदेशी पंडितानं लिहिलेलं, मराठीत आणलेलं, दोन भागांतलं. थोरला म्हणून जुन्या करारावरचा पहिला भाग दादाला, धाकटा म्हणून नव्या करारावरचा दुसरा मला. म्हणजे दादा जुना करार घेऊन वेल्ह्याला गेला आणि मी नवा करार घेऊन भोरात शिलाई मशीनवर बसलो. असल्या वाटणीनं दोन भावांचं काय होईल, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

रूथचं लग्न ठरलं आणि दादाला त्याच्या भागात सापडलं, की देवाच्या लोकांनी इतर लोकांच्या रीती उचलू नयेत, अंग रंगवू नये. त्याला वाटलं, ही हळदच. त्यानं त्या पानाचा फोटो मोबाईलवर पाठवला. मीही गप्प बसणाऱ्यातला नाही. माझ्या भागात, बायबलातल्या रोमकरांना लिहिलेल्या पत्रावर टीप होती, की अशा बारीकसारीक गोष्टींवर अडून बसणारा माणूस विश्वासात अशक्त समजावा. मी ‘अशक्त’ या शब्दाखाली लाल रेघ मारून फोटो पाठवला. त्यानंतर दादानं फोन उचलणंच बंद केलं. खरं सांगायचं तर त्या पंडितानं आयुष्यात कधी हळद लावलेली नवरी पाहिली असेल, असं मला वाटत नाही. पण आम्ही दोघांनी त्याला घरच्या भांडणात पंच म्हणून बसवलं होतं. वहिनींनी यातला कुठलाच भाग वाचला नव्हता, त्यामुळे त्या आदल्याच दिवशी भोरला येऊन हळद दळून बसल्या होत्या.

तर एसटी काही येईना. चहाच्या टपरीकडे वळलो, तर बाकड्यावर दादा. मांडीवर पहिला भाग.

“कुठं निघालास?” त्यानं विचारलं.

“तुमच्याकडंच. तुमी?”

“तुलाच शेवटचं समजावून सांगाय निघालो व्हतो. भोरची यश्टी न्हाई.”

मी त्याच्या शेजारी बसलो, मधे दोन्ही भाग ठेवले. दादाची पांढरी दाढी वाढली होती, शर्टाची इस्त्री नव्हती, आणि वहिनी नसल्यामुळे त्यानं सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नव्हतं. चहात बुडवून तो एकामागून एक खारी संपवत होता. पोट जरा भरल्यावर त्यानं माझा भाग उचलला.

“ते अशक्त कुठं लिवलंय, दाव.”

मी पान काढून दिलं. दादानं चष्मा पुसला आणि, वडिलांनी लावलेली सवय, टिपेआधी वरचं वचन मोठ्यानं वाचायला घेतलं. खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, आणि न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, अशा अर्थाचं ते वचन. दादा वाचता वाचता थांबला. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मीही ऐकलं, आणि माझे कान गरम झाले. एकाच वचनात आम्ही दोघंही होतो, अर्धा तो, अर्धा मी. ते वचन त्या फोटोतही होतं, पण लाल रेघ मारण्याच्या नादात मी ते वाचलंच नव्हतं. दादानंही नव्हतं वाचलं, कारण त्याला ती रेघच आधी दिसली.

आता कुणीतरी बोलायला हवं होतं. पण आमच्या घराण्यात चूक झाली असं तोंडानं म्हणण्याची पद्धत नाही. तो रस्त्याकडे पाहत राहिला, मी चहाच्या गाळाकडे. मला खूप रडू येत होतं. तेव्हा मी मनात म्हणालो, प्रभू, माझ्याच्यानं होत नाही, माझं शहाणपण संपलं, आता तूच काय ते बघ.

तेवढ्यात मंडपाचे बांबू आणि कनाती लादलेला एक टेम्पो टपरीसमोर थांबला. चालक मान बाहेर काढून विचारू लागला, “वो पावनं, शिवऱ्यावनं आलोय. भोरात ते टेलर कुठं ऱ्हात्यात, ज्यांच्या पोरीची आज हळद हाय? पत्त्याचा कागद कुठं पडला कळंना.”

सबंध महामार्गावर त्यानं पत्ता विचारला तो आम्हाला! मी तोंड उघडायच्या आत दादा उठला.

“चल, मीच दावतो,” तो म्हणाला. “लगीन आमच्याच घरचं हाय. पोरगी माजी हाय.”

त्या टेम्पोत चालकाशेजारी जागा एकालाच होती. तिथं आम्ही दोघं भाऊ कामथडी, कापूरहोळ करत भोरपर्यंत एकमेकांच्या अंगावर रेलून आलो, आणि भाष्याचे दोन्ही भाग मागं कनातीत. वाटेत मी म्हणालो, “दादा, तुमच्या मनाला लागत आसंल तर हळद ऱ्हाऊ द्या.” दादा म्हणाला, “गप ऱ्हा. पोरीला बसू दे पाटावर. म्या लांबून बघंन.”

पण लांबून बघायला वहिनींनी त्याला ठेवलं नाही. गीतं सुरू झाली, रूथ पाटावर बसली, आणि मी शिवलेला नवा शर्ट घालून दादा खांबाला टेकून उभा असताना वहिनींनी हळद कालवलेल्या तेलाची वाटी त्याच्या डोक्यावर सरळ उपडी केली. तेल कपाळावरून दाढीत उतरलं, दाढीतून कॉलरवर. रूथ हसली आणि हसता हसता रडली. सगळे दादाकडे पाहू लागले. दादानं दाढीवर हात फिरवला, हाताकडे पाहिलं आणि मला हाक मारली.

“आरं, भावांनी एकीनं ऱ्हावं, ते अहरोन याजकाच्या दाढीवनं वघळणाऱ्या तेलावानी हाय, आसं स्तोत्र हाय न्हवं? माज्या भागात बघ बरं त्याच्यावर काय लिवलंय.”

“बघाय नगं, दादा,” मी म्हणालो. “दिसतंय.”

भाष्य वाईट नाही. त्या पंडितानं जन्मभर कष्ट घेतले आहेत आणि मी आजही त्याच्याकडून शिकतो. पण आधी वचन वाचतो, आणि टीप वाचून कुणाची तरी जिरवावीशी वाटली, की पुस्तक मिटून गुडघे टेकतो. टेम्पोतून उतरवताना दोन्ही भागांची अदलाबदल झाली, ती आम्ही तशीच राहू दिली. आता आपल्या मूळ भागातलं काही अडलं, की एकमेकांना फोन करावाच लागतो.

त्या शर्टावरचा डाग काही गेला नाही. दादा दर रविवारी उपासनेला तोच घालून जातो. प्रभूचे आभार.