जुळ्या शब्दांची वहिनी

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत लिफ्ट बंद पडली तेव्हा माझी वहिनी कमिटीवर नुकतीच निवडून आली होती. पहिली नोटीस तिने मोठ्या हौसेने इंग्रजीत लिहिली आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. लिफ्ट ‘स्टेशनरी’ आहे, प्लीज ‘बेअर विथ अस’. वाचून दाखवली तर सगळं बरोबर. पण स्पेलिंगं अशी पडली होती की लिफ्टच्या वह्या-पेन्सिली झाल्या होत्या, आणि रहिवाशांना आमच्यासोबत कपडे काढायचं आमंत्रण गेलं होतं.

लगेच सी विंगमधून उत्तर आलं, ‘आम्ही कपडे घालूनच जिने चढतो, चालेल ना?’ त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांगच लागली.

वहिनी मालवणकडची, मराठी शाळेत शिकलेली. मीही मराठी शाळेतलीच, पण अंधेरीच्या ऑफिसात ईमेल लिहून लिहून थोडी सरावलेली. मला वाटलं, ही आता रडणार. तिने मोबाइल ओट्यावर पालथा टाकला आणि म्हणाली, “हसतत काय माका? बघतंयच आता. तू माका शिकव गो.”

शिकवायला बसले खरी, पण थोड्याच दिवसांत तीच मला शिकवू लागली. मी नुसतं पाठ करायचे. तिला प्रत्येक शब्दाला घरातलं काहीतरी चिकटवायचं असायचं.

“थांब,” ती पोळी लाटता लाटता ओरडायची. “अडकलेली लिफ्ट, म्हणून त्यात ए. आणि इरेझर दुकानात मिळतो, म्हणून त्या स्टेशनरीत ई. झालं ना?”

झालं होतं! मी ऑफिसात बसून एकटीच हसायचे. ‘लूज’ म्हणजे सैल, त्यात दोन ओ. ‘लूझ’ म्हणजे हरवणं, त्यात एकच, कारण दुसरा हरवला. जेवणानंतरच्या गोड ‘डेझर्ट’ला दोन एस, साखरेचा एक आणि सायीचा एक. वाळवंटात साय कुठून येणार? ट्रेनमधून मी तिला नवी जोडी पाठवायचे आणि घाटकोपर यायच्या आत तिचं उत्तर हजर. दादा वैतागून म्हणायचा, “अगं, मला कोणी जेवायला वाढेल का?”

तेवढ्यात वार्षिक संमेलनाची नोटीस लागली. त्यात यंदा शब्दांचा खेळ होता. दोघांची जोडी, सारखे वाटणारे दोन इंग्रजी शब्द, त्यांतला फरक सांगायचा. समजावायची भाषा कुठलीही चालेल. आमचं नाव वहिनीने मला न विचारताच देऊन टाकलं.

गच्चीवर खुर्च्या मांडल्या होत्या. बी विंगमधल्या इंग्रजीच्या निवृत्त बाई प्रश्न विचारत होत्या. एकेक जोडी गळत गेली आणि शेवटी आम्ही उरलो आणि सी विंगमधल्या कॉलेजच्या दोन मुली. त्या फाडफाड बोलत होत्या. गुण बरोबरीत होते आणि शेवटचा प्रश्न आमच्याकडे आला.

“अडॉप्ट आणि अडॅप्ट,” बाई म्हणाल्या.

माझी वाट लागली. एकाचा अर्थ दत्तक, एवढं माहीत होतं, पण कोणत्याचा? मी वहिनीकडे पाहिलं. ही जोडी आम्ही कधीच केली नव्हती. तिने डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली आणि माझ्या हातातला माइक ओढून घेतला.

“ओ म्हणजे ओटी! मूल ओटीत घेतात ना, बाई? म्हणून ओवाला दत्तक. आणि एवाला म्हणजे अ‍ॅडजस्ट, जुळवून घेणं.”

“शाब्बास! आता दोन्हींचं एकेक वाक्य करा. इंग्रजीत.”

चारचौघांत इंग्रजी बोलताना मी वहिनीला कधी पाहिलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, “आय अडॅप्टेड टू मुलुंड.” मग तिने समोर बसलेल्या माझ्या आईकडे पाहिलं. “अँड माय मदर-इन-लॉ अडॉप्टेड मी.”

टाळ्यांचा नुसता कडकडाट! आई शेजारणीला विचारत होती, “काय म्हणाली गं ती माझ्याबद्दल?” शेजारणीने सांगितल्यावर ती उठून उभीच राहिली आणि मोठ्याने म्हणाली, “मग! लेकच आहे ती माझी!”

आम्ही जिंकलो. मी वहिनीला अशी मिठी मारली की तिच्या केसांतला गजराच सुटला.

खाली उतरायला निघालो तर त्या दोन मुली धावत आल्या. “काकू, अफेक्ट आणि इफेक्टचं सांगा ना, आमचं नेहमी चुकतं.”

वहिनी पहिल्याच पायरीवर बसली आणि पदर सावरून म्हणाली, “आधी ए की ई?”

“ए.”

“मग आधी अफेक्ट करायचं, त्याचा इफेक्ट नंतर होतो. बसा गो, उभ्या कित्याक?”

दोघी तिच्या शेजारी टेकल्या. मीही बसले. वर खुर्च्या आवरल्याचा आवाज येत होता आणि इथे पुढची जोडी सुरूसुद्धा झाली होती.