नझीहाने दिलेले चेहरे

नझीहाबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं सणकतं, हे आधीच सांगून ठेवते. मी सालूहा. केर्केना बेटावरच्या लग्नांत डफ माझा आणि पहिली ओळ माझी. बाकीच्या बायका माझ्यामागून उचलतात. साठी उलटली, आवाज घोगरा झालाय, तरी माझ्यावाचून मेंदीचं गाणं सुरू झालंय असं अजून तरी घडलेलं नाही.

नझीहा माझ्या ना नात्याची ना गोत्याची, तरी मला ती खालती म्हणते, म्हणजे मावशी. फोटोवाल्या मुनीरची ती बायको. लग्नाचे व्हिडिओ काढायचं खूळ बेटावर नुकतंच आलं होतं, तेव्हाची गोष्ट. बायकांच्या अंगणात मुनीरला कोण घेणार? तो आपला बाहेरच्या बकऱ्या आणि व्याह्यांच्या मिशा काढून आणायचा. एका नवरीच्या आईनं त्याला तोंडावर विचारलं, "यात माझी पोरगी कुठंय रे?" पुढच्या लग्नात नझीहानं त्याच्या खांद्यावरचा कॅमेरा उतरवून घेतला आणि सरळ आत शिरली. तिला तेव्हा तो धड धरताही येत नव्हता. निम्म्या चित्रात तिचा अंगठा. सासूनं घर डोक्यावर घेतलं, "बाईमाणूस यंत्र घेऊन लग्नं हिंडणार?" नझीहा म्हणाली, "मग तुम्ही हिंडा, मी घरी भाकऱ्या भाजते." पुढं मुनीर फ्रान्सला गेला तो गेलाच. कॅमेरा तेवढा राहिला. त्यावर तिनं घर चालवलं, दोन मुली शिकवल्या.

आता आमची रीत अशी. बाजारात मासे विकताना आमचं तोंड साऱ्या जगाला दिसतं, त्याचं कुणाला काही नाही. पण गाण्याला बसलो की अंगणाचं दार लागतं. नवऱ्यांची, दिरांची, व्याह्यांची जी धुलाई होते, ती भिंतीबाहेर बसलेल्या पुरुषांना ऐकू जावी म्हणूनच होते. ऐकावं त्यांनी खुशाल. गाताना बाईचं तोंड कसं होतं, ते मात्र बघायचं नाही. म्हणून नझीहा प्रत्येक लग्नाचे दोन व्हिडिओ करायची, एक सगळ्यांचा आणि एक बंद. बंद तो फक्त नवरीच्या हातात. एकदा एका नवरदेवाच्या भावानं त्याची कॉपी मागितली, वर डोळा मारला. नझीहानं भर बंदरात त्याच्या आईला हाक मारली, "अहो, तुमच्या मुलाला तुम्हाला नाचताना बघायचंय म्हणे, देऊ का?" पुन्हा कुणाची छाती झाली नाही.

तर समोरच्या किनाऱ्यावर, शहरात नवीन म्युझियम निघालं. त्यात एक दालन आमच्या बेटाचं. तिथून अनीस नावाचा माणूस नझीहाकडे आला, आम्ही त्याला मानानं सी अनीस म्हणायचो. बोलायला गोड, बूट पांढरे. आमच्या धुळीत ते पांढरे कसे राहिले, देव जाणे. त्याला बायकांची लग्नाची गाणी हवी होती, आवाज आणि चित्र दोन्ही. म्हणाला, "मासेमारीचे सापळे आहेत, नवरीचे कपडे आहेत, ऑक्टोपस धरायची मडकी आहेत. पण सगळं मुकं आहे. तुमच्याशिवाय त्या अंगणात कोण जाऊ शकतं?" आणि दालनाच्या दारावर निर्मिती म्हणून तिचं नाव लागेल असंही म्हणाला. नझीहाचं मन हललं, ते मला दिसलं. इतकी वर्षं तिनं लग्नं काढली, पण तिचं काम लोकांच्या कपाटांत. भिंतीवर नाव लागावं असं कुणाला वाटणार नाही?

ती माझ्या अंगणात आली, बायका गोळा केल्या आणि सरळ विचारलं. बरीच हुज्जत झाली. शेवटी मीच म्हणाले, "आवाज ने. आवाज तसाही भिंत ओलांडतोच. तोंड नाही."

"तोंड नाही," नझीहा म्हणाली. "हा माझा शब्द."

"पण आमच्यापुरतं काढ की गं! आपण सगळ्या मिळून बघू कधीतरी."

मग काय, तोंड दिसणार नाही असं ठरलेलं असूनही एकेक बाई काजळ घालून, आजीचे दागिने उपसून, लाल-काळ्या पट्ट्यांची ओढणी घेऊन हजर. मी दात घासून आले. त्या दुपारी गायलो तसं आम्ही पुन्हा कधी गायलो नसू. मी डफ इतका बडवला की कातडं सैल पडलं. नझीहा कॅमेरा घेऊन आमच्यामधून वाऱ्यासारखी फिरत होती, डोळे पुशीत होती आणि मला शिव्या देत होती, "खालती, हलू नकोस! मेले, हलू नकोस!"

आवाज ऐकून सी अनीस खूश झाला. पण चित्राच्या जागी काळा पडदा. तो म्हणाला, "हा तर रेडिओ झाला. लोक चेहरे बघायला येतात. तुम्ही काढलेत ना चेहरे?"

"काढलेत. ते आमचे."

"एवढी अनमोल गोष्ट तुम्ही कपाटात ठेवणार?"

"कपाट माझंय," नझीहा म्हणाली.

तो गेला आणि काही दिवसांनी टॅबलेट घेऊन परत आला. हसत हसत म्हणाला की तोडगा सापडलाय, कुणाच्याच तोंडाचा प्रश्न नको. मलाही बोलावलं. पाहते तर शहरातली एक कोवळी नटी, ओठ रंगवलेले, आमच्यासारखी ओढणी घेतलेली, बसलीय नकली चुलीपाशी. तिनं तोंड उघडलं आणि आतून माझा आवाज आला! जन्मभर धुरापाशी आणि खाऱ्या वाऱ्यात पिकलेला माझा घोगरा आवाज, त्या साखरेच्या बाहुलीच्या तोंडातून! अगं बाई गं! मी हसावं की त्याच्या पांढऱ्या बुटांवर चहा ओतावा, कळेना. शेवटी दोन्ही केलं.

"लल्ला सालूहा, बाईसाहेब, रागावू नका," तो पाय झटकत म्हणाला. "प्रेक्षकांना सुंदर वाटायला हवं ना?"

तोवर मला हसू येत होतं. त्यानंतर आलं नाही. खरं सांगते, लागलं मला ते. नझीहानं टॅबलेट उलटा करून ठेवला. "चेहरे हवेत ना तुम्हाला?" ती म्हणाली. "खऱ्या माणसांचे, आमच्या बेटाचे, हीच गाणी चालू असताना? देते. या बाहुलीला घरी पाठवा."

मला वाटलं, ही शब्द मोडते की काय? नावाच्या हव्यासानं भल्याभल्यांचं मन फिरतं. तसं झालं असतं तर बेटावरचं एकही दार तिला उघडलं नसतं, आणि पहिलं बंद झालं असतं ते माझं.

पुढचं लग्न माझ्या भाचीचं. मेंदीची दुपार, दार लागायची वेळ झाली, आणि नझीहा आत येईना. एक माइक तेवढा अंगणातल्या अंजिराला बांधून गेली. मी दारातून ओरडले, "आत ये की गं! की आता मोठी झालीस?"

"आज मी बाहेर," ती म्हणाली आणि दार बाहेरून ओढून घेतलं.

आम्ही सगळ्या हिरमुसलो, मी तर पेटलेच. त्याच रागात मी पहिली ओळ टाकली.

भिंतीबाहेर काय झालं, ते मला नंतर कळलं. आमचे पुरुष नेहमीप्रमाणे भिंतीला पाठ लावून बसले होते, चहाचे पेले हातात. नझीहानं त्यांच्यासमोर कॅमेरा लावला आणि सांगितलं, "म्युझियमसाठी काढतेय. तोंड दिसेल, मोठ्या पडद्यावर. ज्याला नको त्यानं आत्ताच उठावं." उठतंय कोण! उलट दोघं घरी जाऊन दाढी करून आले. माझा नवरा जिलानी टोपी सरळ करून असा ताठ बसला, जणू पासपोर्टचा फोटो काढायचाय. "पण तू आत जायचं सोडून आमचं काय काढतेस?" एकानं विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही बसा नुसते." मग आतून गाणं सुरू झालं आणि थोड्या वेळात ते कॅमेरा विसरले.

हे चित्र बघून सी अनीसनं कपाळावर हात मारला. "बाई, दालन बायकांच्या गाण्याचं, आणि पडद्यावर डझनभर म्हातारे?"

"बायका गाताहेत ना? ऐकू येत नाही?"

"निदान वरून एखाद्या भारदस्त पुरुषाच्या आवाजात माहिती तरी..."

"आमच्या आवाजावर कुणी बोलायचं नाही," नझीहा म्हणाली. "हे घ्या, नाहीतर आवाजही परत द्या."

त्यानं मला फोन लावला, मी समजावीन अशी बिचाऱ्याला आशा. मी म्हणाले, "आवाज माझाय. नझीहा म्हणेल तिथं जाईल, नाहीतर चुलीत." उद्घाटन तोंडावर आलं होतं. त्यानं घेतलं.

उद्घाटनाला आम्ही निम्मं बेट बोटीनं गेलो. दालन अंधारं केलेलं, चारी बाजूंनी आमचा डफ, आणि समोर भिंतभर आमचे पुरुष. इतकी वर्षं आम्ही भिंतीवरून गाणी फेकली, पण ती पलीकडं कुठं पडतात ते कुणी पाहिलं होतं? एक जण सासूवरच्या ओळीला शेजाऱ्याला कोपर मारतोय. माझा व्याही, गावात वाघ, तो कानाच्या पाळीपर्यंत लाल. मग माझी ओळ आली, माझ्याच लग्नाच्या वर्षी मी जिलानीवर रचलेली. आता ती बेटावर प्रत्येक नवऱ्याला म्हणतात:

वाऱ्याला हा भितो, आईला हा भितो,
सांगा गं बायांनो, समुद्रात कसा जातो?

पडद्यावर जिलानीचे ओठ हलत होते. शब्दन् शब्द, आमच्याआधी. आणि ओळ संपल्यावर तो मान खाली घालून असा हसला, जसं कुणी त्याचं कौतुक केलंय. मेल्या, आवडतं तुला? मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? खरा जिलानी माझ्या शेजारीच उभा होता, छताकडं बघत.

टाळ्या झाल्या. शहरातल्या बायका डोळे पुशीत होत्या आणि हसतही होत्या. तेवढ्यात म्युझियमचे मोठे साहेब पुढं आले, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, मागं चार माणसं. नझीहाला म्हणाले, "उत्तम. आता ते दुसरं चित्रीकरण आमच्याकडे द्या, गाणाऱ्या बायकांचं. कुणाला दाखवणार नाही. कुलपात ठेवू. पुढच्या पिढ्यांसाठी."

"ते नाही," नझीहा म्हणाली.

"म्हणजे? हरवलं?"

"पुसलं."

सी अनीसचं तोंड उघडंच राहिलं. त्या दुपारचं आमचं गाणं, ती काजळं, ते दागिने, आम्ही मिळून बघणार होतो ते! साहेबांसमोर मी गप्प बसले, पण परतीच्या बोटीवर तिला गाठलं.

"कुणाला विचारून पुसलंस? ते आमचं होतं ना?"

"तुमचं होतं, म्हणूनच पुसलं." ती कठड्याला टेकून उभी होती, वाऱ्यानं केस तोंडावर. "ते आहे असं कळल्यापासून रोज फोन येतोय. आज हे मागतात, उद्या मी मेल्यावर माझ्या पोरींकडं मागतील. शब्द मी दिला होता, खालती. पोरींनी नाही. त्यांना किती वर्षं नाही म्हणायला लावू?"

"आम्हाला एकदा दाखवून तरी पुसायचंस!"

"दाखवलं असतं तर तुम्हीच पुसू दिलं नसतं. मलाच जमत नव्हतं. रात्रभर... जाऊ दे. माझ्या हातून तेवढं चांगलं काम पुन्हा व्हायचं नाही."

एवढं बोलून ती रडायला लागली, आणि रडताना माझ्याकडं असं रोखून बघत राहिली की बोल आता काय बोलायचंय ते. दारावर नाव लागलं होतं तिचं, पण ज्याचं लागायला हवं होतं ते काम तिनं आमच्यापायी स्वतःच्या हातानं संपवलं होतं. माझा राग गेला नव्हता. अजून पुरता गेलेला नाही. पण मी तिच्या शेजारी कठड्याला टेकले, खांद्याला खांदा लावून.

बेट दिसू लागलं तेव्हा मी विचारलं, "मी कशी दिसत होते गं त्यात? जगात तू एकटीनंच पाहिलंयस."

नझीहानं नाक पुसलं आणि जरा विचार केला.

"भांडायला निघाल्यासारखी," ती म्हणाली.

"मग बरोबर काढलं होतंस," मी म्हणाले.