सोबत कोण आहे?

आम्रपालीला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. नर्सिंगचं शिक्षण इंग्रजीतच झालेलं, औषधांची नावं इंग्रजीत, डॉक्टरांच्या शिव्यासुद्धा अर्ध्या इंग्रजीत. परदेशात नर्स म्हणून जायचं तर ओईटी नावाची परीक्षा लागते. तिचे ऐकणं, वाचणं आणि लिहिणं हे भाग आम्रपाली पहिल्याच फटक्यात पास झाली. अडकली ती बोलण्यात.

कशी अडकली ते ती स्वतःच सांगायची, दापोलीच्या त्या खाजगी दवाखान्याच्या मागच्या पायरीवर चहा पिताना, हसत हसत. बोलण्याच्या परीक्षेत हातात एक कार्ड देतात. तुम्ही नर्स, समोर बसलेला परीक्षक पेशंट. कार्डावर लिहिलेलं असतं त्याप्रमाणे पेशंटशी बोलायचं, आणि ते सगळं रेकॉर्ड होतं. आम्रपालीच्या कार्डावर होता साखरेचा आजार असलेला एक माणूस. पायाला जखम, घरी ड्रेसिंग कसं करायचं ते त्याला समजावून द्यायचं. आम्रपालीने छान नमस्कार केला, नाव विचारलं, आणि पुढचं वाक्य तोंडातून आपसूक बाहेर पडलं, "सोबत कोण आहे? त्यांना जरा आत बोलवा."

परीक्षक दचकला. कार्डावर सोबत कोणी नव्हतंच. तो म्हणाला, मी एकटाच आलोय.

"काही हरकत नाही," आम्रपाली अगदी गोड आवाजात इंग्रजीत म्हणाली, "आपण थांबू."

हे ऐकून बाकीच्या सिस्टर चहाचा घोट नाकात जाईपर्यंत हसायच्या. आम्रपालीही हसायची, पण तिचं हसणं लवकर संपायचं.

तिचा दोष काय होता म्हणा. आमच्याकडे पेशंट एकटा येतो कुठे? तो येतो तोच सहा आसनी रिक्षा भरून. पेशंट खाटेवर निजतो आणि बोलणं होतं बाहेर पडवीत, बाकीच्यांशी. गोळ्यांच्या वेळा सुनेला, पथ्य लेकीला, आणि आजाराचं नाव मुंबईहून आलेल्या मुलाला, त्याला जरा बाजूला घेऊन. पेशंटच्या वाट्याला येतं ते एवढंच, "बरं वाटेल हां आजी." आम्रपालीच्या नोकरीची सगळी वर्षं अशीच गेली होती. पेशंटची नाडी हातात धरायची आणि नजर नातेवाईक शोधत फिरवायची, हे तिच्या अंगात मुरलं होतं.

आता दुसरी खेप होती, आणि शेवटचीच. आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलने तिची जागा या निकालापर्यंत धरून ठेवली होती. पुढे ती दुसऱ्या कुणाला जाणार, असं एजन्सीवाल्याने फोनवर दोनदा बजावलं होतं. मंडणगडच्या पुढे डोंगरातल्या वाडीत तिचे वडील बाबाजी लेक परदेशी चालली हे जगाला सांगून बसले होते. हयात मुंबईत गोदामात ओझी उचलण्यात घालवलेला माणूस. बुद्धविहारात सभा असली की कुणी न विचारता म्हणायचा, "आमची आमू चाललीय तिकडं." हौसेने चाकांची मोठी बॅगसुद्धा आणून ठेवली होती. पहिला निकाल लागला तेव्हा आईने, चंपाने, बॅगेत तांदळाचे पापड भरून ठेवले. उंदीर शिरत नाही म्हणाली. आम्रपाली घरी गेली की माळ्यावरची ती बॅग बघायची आणि तिला जेवण जायचं नाही.

ऑनलाइन शिकवणाऱ्या मॅडम केरळच्या होत्या, कोट्टायमच्या. त्यांनी तिची सगळी हकिगत ऐकली आणि त्या हसल्या नाहीत.

"तू पेशंट सोडून सगळ्यांशी बोलतेस," त्या म्हणाल्या. "तू जातेयस तिथे आजार ज्याचा त्याचा असतो. खुर्ची घे. बस, म्हणजे डोळे समोरासमोर येतील. काय माहीत आहे विचार, कसली भीती वाटते विचार. आणि मग गप्प राहा. इंग्रजी सोड, आधी तुझ्या भाषेत कर."

म्हणून आम्रपालीने वॉर्डात खुर्ची ओढायला सुरुवात केली.

"काय गो," मेट्रनबाई दारातून म्हणाल्या, "पाय दुखतात का तुझे? तू बस गप्पा मारत, सलाइनी माझा बापूस लावील."

पेशंटनाही ते पटेना. एक म्हातारी म्हणाली, "मना काय इचारतंस? सुनंला इचार. ती भायेर च्या पितेय." दुसरी घाबरलीच. सिस्टर खुर्ची घेऊन बसली म्हणजे आपलं काही खरं नाही, असं वाटून तिने लेकाला फोन लावायला सांगितला.

खुर्ची आवडली ती एकट्या सोनूबाईला.

सोनूबाई मुरुडच्या वरच्या अंगाच्या, डोंगरातल्या वाडीतल्या. हाडं मोठी, हात नांगरटीचे, पण पोट फुगलेलं आणि डोळे हळदीसारखे. "बस गो बाय," त्या म्हणाल्या. "ह्या खुर्चीवर कोन बसत नाय. निस्त्या पिशव्या ठेवतात." मग त्या बोलायच्या. गाभण म्हैस, डोंगरउताराच्या वरकस जमिनीतली नाचणी, शेजारणीने सरकवलेली कुंपणाची वय. आणि जेवणाबद्दल. जेवणाबद्दल फार.

"पेज," त्या म्हणायच्या. "सकाल-संध्याकाल पेज. मीठ पन मोजून. आगो, मी काय वासरू हाय? सुकटीचा वास पन नाय नाकाला."

सोनूबाईंना यकृताचा कॅन्सर होता, सगळीकडे पसरलेला. डॉक्टरांनी ते त्यांच्या मुलाला, निलेशला, जिन्याखाली उभं करून सांगितलं. तेव्हा फाइल धरून आम्रपाली शेजारीच होती. निलेश मुंबईत एका सोसायटीत लिफ्टचं काम बघायचा. तो भिंतीला टेकला आणि चपलेकडे बघत म्हणाला, "आईला सांगू नका. अल्सर आहे सांगा. हाय खाईल ती."

डॉक्टरांनी मान हलवली. मग अल्सर म्हटल्यावर अल्सरचं पथ्य आलं. तिखट बंद, आंबट बंद, मासळी बंद. नाही तर म्हातारीला संशय आला असता. उरल्या दिवसांत जिला वाटेल ते खाऊ द्यायचं, तिच्यापुढे तीन वेळा पांढरी पेज येत राहिली. ती वाटी पुढे करायची आम्रपालीनेच.

परीक्षा तोंडावर आली होती. आम्रपाली ड्युटीवरून खोलीवर गेली की आरशासमोर इंग्रजी वाक्यं म्हणायची. तुम्हाला किती सांगितलेलं आवडेल. हे ऐकणं अवघड आहे, मला कल्पना आहे. मी इथेच आहे, सावकाश विचारा. वाक्यं तोंडात घोळत राहायची, अगदी एसटीतसुद्धा.

एका दुपारी भेटीची वेळ संपून वॉर्ड शांत झाला. आम्रपालीने खुर्ची ओढली. सोनूबाई छताकडे बघत होत्या.

"रोज तू इचारतंस, तुमाला काय वाटतं," त्या म्हणाल्या. "आज मी इचारतंय. खरं सांग. माज्या पोटात काय हाय?"

आम्रपालीला त्या प्रश्नाचं उत्तर येत होतं. शब्द न् शब्द येत होता, पण इंग्रजीत. मराठीत त्यातलं एकही वाक्य तिला सापडेना. जिन्याखाली उभा असलेला निलेश डोळ्यांसमोर आला, मेट्रनबाई आल्या, नोकरी आली. आणि जीभ आपल्या जुन्या वाटेने गेली.

"आजी, सोबत कोण आहे? निलेशदादांना बोलावते हां. ते सांगतील."

सोनूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. बाजारात ओळखीच्या कोळणीने शिळी मासळी काढून दाखवावी आणि गिऱ्हाईकाने बघावं, तसं. मग त्यांनी भिंतीकडे कूस वळवली.

"राव दे," त्या म्हणाल्या. "खुर्ची ने तिकडं."

आम्रपालीने खुर्ची नेली. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला जाणाऱ्या एसटीत बसली.

परीक्षेच्या खोलीत समोर एक बाई होती, छान खादीचा कुडता घातलेली. कार्ड हातात आलं आणि आम्रपालीने ते दोनदा वाचलं. यकृताचा आजार, बरा न होणारा. पेशंट घरी आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, पण तिला नीट कळलेलं नाही, तिला तुमच्याकडून ऐकायचंय.

कुडत्यावाली बाई पेशंटच्या आवाजात म्हणाली, मला खरं सांगा, मला काय झालंय?

आणि आम्रपालीने सांगितलं. सावकाश, सोप्या शब्दांत, डोळ्यांत बघून. मध्ये थांबली. भीती कसली वाटते विचारलं. बाईने रडल्याचं सोंग केलं तेव्हा गप्प राहिली. सोबत कोण आहे, हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. बाईने शेवटी आभार मानले. ते पेशंटचे की परीक्षकाचे, कळलं नाही.

बाहेर येऊन ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पेपर चांगला गेला होता हे तिला कळत होतं. वडिलांना फोन लावावा असं काही वाटेना. एका धडधाकट बाईला, जी मघाशी पाणी पिऊन पुढच्या मुलीला बोलवायला लागली, तिने सगळं खरं सांगितलं होतं. जिला हवं होतं ती भिंतीकडे तोंड करून निजली होती.

ती परत आली तेव्हा खाट रिकामी होती. "घरी नेलं," मेट्रनबाई म्हणाल्या. "आता इथे ठेवून काय करायचंय."

निकाल लागला, पास. बाबाजींनी वाडीभर फोन केले. चंपाने माळ्यावरून बॅग काढली, पापड डब्यात भरले आणि बॅग उन्हात उघडी ठेवली, वास जावा म्हणून. "तोंड का असलं गो तुजं?" तिने लेकीला विचारलं. "पास झालंस ना?"

"झाले," आम्रपाली म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी ती मुरुडकडच्या एसटीत बसली, फाट्यावर उतरली आणि कातळावरची वाट चढून सोनूबाईंच्या वाडीत गेली. निलेश ओटीवर बसला होता, दाढी वाढलेली. उठून उभा राहिला.

"सिस्टर, बरं झालं आलात. विचारत असते तुमचं. फक्त..." त्याने आवाज खाली आणला. "आईला काही बोलू नका हां."

सोनूबाई माजघरात खाटेवर होत्या, निम्म्याहून कमी झालेल्या. उशाशी पेजेची वाटी होती, वर साय धरलेली. त्यांनी डोळे उघडले.

"खुर्ची घे," त्या म्हणाल्या.

प्लास्टिकची खुर्ची होती. आम्रपाली बसली.

"कुटं गेलं व्हतंस?"

"परीक्षेला. पुण्याला."

"काय इचारलानी?"

आम्रपालीने दाराकडे पाहिलं. चौकटीला धरून निलेश उभा होता.

"एक बाय व्हती," ती म्हणाली, आणि दवाखान्यात जी बोली ती कधी बोलायची नाही ती तिच्या तोंडी आली. "आजारी. मना इचारलान, माज्या पोटात काय हाय."

सोनूबाईंनी मान तिच्याकडे वळवली. "मंग? सांगितलंस तिला?"

"सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"सिस्टर," निलेश म्हणाला, "बास झालं."

"निल्या, तू गप," सोनूबाई म्हणाल्या. "ती दुसऱ्या बायचं सांगतेय."

चुलीतलं लाकूड तडतडलं. आम्रपालीने खुर्ची खाटेजवळ ओढली.

"मी सांगितलं, बाय, तुज्या काळजाखाली गाठी झाल्यात. लय झाल्यात. औषदानं जायाच्या नायत."

"आनि?"

"आनि दुखल त्याला औषद हाय. दुखू देनार नाय."

"लय दिस हायत तिचे?"

"लय नायत."

सोनूबाईंनी आढ्याकडे पाहिलं. आम्रपाली गप्प राहिली. गप्प राहायचं तिला शिकवलं होतं, पण परीक्षेतलं गप्प राहणं आणि हे, यात फार फरक होता. इथे कोणी आभार मानून पुढच्या मुलीला बोलावणार नव्हतं.

"त्या बायला," सोनूबाई म्हणाल्या, "खायाला काय देतात?"

"ती मागल ते."

"तिखट?"

"तिखट पन."

सोनूबाईंनी हात लांबवला आणि पेजेची वाटी बोटाने दूर सारली. ती जरा सांडली. "निल्या," त्यांनी हाक मारली, "सुकट हाय का घरात?"

निलेश तसाच वळून चुलीकडे गेला, डबे हलवल्याचा आवाज आला.

आम्रपाली निघाली तेव्हा तो ओटीवर आला. डोळे लाल होते, धुराने म्हणावं तर धूर अजून फार झाला नव्हता.

"तुम्ही जाल निघून विमानात बसून," तो म्हणाला. "रात्री ती मला विचारेल. मी काय करू?"

कार्डावर पेशंट होता, त्याचा मुलगा नव्हता. ती पायरीवर चपला घालत राहिली, बोटं पट्ट्यात जाईनात.

आतून तव्यावरच्या सुकटीचा वास आला आणि मागोमाग सोनूबाईंचा आवाज, बारीक पण स्पष्ट.

"निल्या, करपल ती. लसूण घाल त्यात."

निलेश आत गेला.