लाखातली उरलेली वात

आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढलो. गणित घेऊन बीएस्सी झालो. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो. मी पास व्हावं म्हणून आईनं लाख वातींचा नवस बोलला होता. निकाल लागला तशी ती अफझलगंजच्या बाजारात जाऊन कापूस घेऊन आली आणि गौलीगुड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही.

वाती वळणार तिघी जावा, आई आणि माझ्या दोन काकू. आईची अट एकच, तिघींच्या वाती अगदी सारख्या हव्यात. मागे एका लग्नात 'पापड मीच जास्त लाटले' यावरून दोन्ही काकूंनी वर्षभर अबोला धरला होता.

"तू शिकलास ना? सांग, एकीच्या वाट्याला किती?"

मी मोबाइलवर भागाकार केला. तेहेतीस हजार तीनशे तेहेतीस, मग टिंब, मग तीनच तीन.

"टिंबाच्या पुढची वात कशी वळायची रे?" धाकटी काकू हसली. ती इथं हैदराबादेतच वाढलेली.

"एक उरते," मी म्हणालो.

"मग सव्वा लाख करू," आई म्हणाली.

मी सव्वा लाखातल्या एक, दोन आणि पाच या अंकांची बेरीज केली. आठ. "आता दोन उरतात."

"वाढवून बिघडलंच की! दहा लाख? कोटी?"

"एकापुढे कितीही शून्यं लावा, तिघींत वाटलं की एक उरणारच. नियम आहे."

"पण का?" मधल्या काकूनं विचारलं.

मी अंकांच्या बेरजेचं सांगू लागलो, तर धाकटी म्हणाली, "बेरीज कायकू? वातींत सांग."

सिद्धता मला वहीत लिहिता येत होती, वातींत येईना. मधल्या काकूनं नमुन्याला वळलेल्या वातींतून दहा उचलल्या. तिघींपुढे तीन-तीन ठेवल्या आणि उरलेली एक बाजूला काढली. मग पुटपुटली, "अशा दहा जुड्या वाटल्या की उरलेल्या दहा होतील. त्या वाटल्या की परत एक." ती थांबली. "अगंबाई, शंभराला एक. मग हजारालाही एकच!"

मी सरसावून बसलो. दहा हजार, लाख, कुठवरही जा, उरलेल्या दहा पुन्हा वाटायच्या आणि पुन्हा एकच उरायची. तीन वर्षं शिकलो ते चौथी शिकलेल्या बाईनं वातींत मांडून दाखवलं होतं. मला थोडी लाज वाटली आणि मजा जास्त.

"पण ती एक कोण वळणार?" धाकटीनं विचारलं.

"जाऊबाई मोठ्या, त्यांनीच वळावी," मधली म्हणाली.

"हौ, म्हणजे पुण्य त्यांनाच जास्त!"

झालं, पापडांचा सूर लागला. आई माझ्याकडे वळली. "नवस कुणाच्या पास होण्याचा?"

"माझ्या. पण बाप्ये कुठं वाती वळतात?"

"बीएस्सी झालेले वळतात."

पुढचे कित्येक महिने तिघी वळत राहिल्या. वाट्याच्या वाती पुऱ्या झाल्या, तेव्हा आईनं माझ्या तळहातावर कापूस ठेवला. माझी वात मध्ये जाड आणि टोकाला वाकडी झाली. दोन्ही काकू मिळून हसल्या. आईनं ती हातात घेऊन नीट पाहिली आणि बाकीच्यांत ठेवली.

"लाख झाल्या," ती म्हणाली.