संडासातला दोर

पाय मोडला तो गटारात. दुसरीकडं कुठं मोडला असता तर चार लोकांत सांगायला तरी बरं वाटलं असतं.

तेव्हा आम्ही उल्हासनगरला कॅम्प दोनला राहायचो. बराकीतल्या दोन खोल्या. पुढं दीर-जाऊ, मागं आम्ही. मी एका जीन्सवाल्याकडं धागे कापायला जायची. गल्लीतल्या गटारावर फरशा टाकलेल्या होत्या, त्यातली एक हलायची. सगळ्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण त्या दिवशी समोरून हातगाडी आली, मी बाजूला सरकले आणि फरशी उलटली. एक पाय आत, मी बाहेर आडवी. नडगी मोडल्याचा आवाज माझा मीच ऐकला. पण खरं सांगते, दुखायच्या आधी किळस आली. मांडीपर्यंत ते निळंकाळं पाणी, जीन्सच्या रंगाचं, आणि त्यात काय काय तरंगत होतं ते सांगत नाय. जांघेपासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलं तरी आत तो वास राहिलाय असंच मला वाटायचं. डॉक्टर म्हणाले, स्वच्छ पुसलंय. पुसलं असेल.

दोन महिने पाय टेकवायचा नाय म्हणाले. कुबड्या दिल्या. पहिल्याच दिवशी मी त्या बगलेत धरून अख्खं अंग त्यावर लोंबकळत टाकलं. हात मुंग्या येऊन बधिर झाले आणि मी उंबऱ्यापाशी धाडकन पडले. आमचे हे म्हणाले, "बस झालं. आता खाटेवरून उतरायचं नाव काढू नको."

म्हणजे मग भांडं आलं. एनॅमलचं, कडेला टवके उडालेलं.

हे आणि दीर सकाळी सहाला अंबरनाथला कारखान्यात जायचे. दोन्ही पोरं मी बदलापूरला मांजर्लीत भावाकडं पाठवलेली. घरात मी आणि जाऊ. लग्नाला दीड वर्ष झालेली पोर. पदराचा बोळा तोंडात कोंबून, मान भिंतीकडं फिरवून ती माझ्याखाली भांडं सरकवायची. मग उचलून न्यायची, आणि परत आली की मोरीत ओकायची. रोज. मी माझ्या घाणीच्या वासात पडून तिचं ओकणं ऐकत बसायची.

एकदा मला राहवलं नाय. "एवढं नाटक कशाला गं? तुझं काय अत्तर निघतं का?"

"मी काय बोलले का ताई?"

"तोंडानं नाय बोललीस."

मग मी खायचंच कमी केलं. अर्धी भाकरी, पाणी घोटभर. खाल्लंच नाय तर भांडं कशाला लागतंय. आठ दिवसांत चक्कर यायला लागली. टेम्पोत घालून परत दवाखान्यात नेलं, तिथं व्यायाम शिकवणारी एक सिंधी बाई होती. तिनं माझा दंड दोन बोटांत धरला.

"भाभी, ये हाथ है कि भिंडी?"

मला राग आला, पण खोटं नव्हतं.

"टांग को सोने दो," ती म्हणाली. "तुम हाथ बनाओ. बैसाखी बगल से नहीं, हाथ से चलती है." आणि खायला लाग, नायतर हातात काय जीव येणार, म्हणून वरून ओरडली.

तिनं दाखवलं. खाटेवर कमरेच्या दोन बाजूंना दोन विटा ठेवायच्या. तळवे विटांवर, कोपरं सरळ, आणि बूड वर उचलायचं. दहा वेळा. शिवाय वर दोर बांधून त्याला धरून आडवं अंग ओढत उठायचं.

पहिल्या दिवशी बूड हललंसुद्धा नाय. घाम फुटला तो थेट प्लास्टरात उतरला. आत अशी खाज सुटायची की भिंतीवर डोकं आपटावं. विणायची सुई घालून खाजवलं, तर सुईला पांढरा मऊ कातडीचा लगदा आला. त्याचा वास सडक्या मुळ्यासारखा. सुई फेकून दिली. दुसऱ्या दिवशी परत तीच मागून घेतली. खाजेपुढं माणसाला कसली आलीय लाज.

दोर ह्यांनी वरच्या कडीला बांधून दिला. घरात पाळण्याची ती एकच कडी, माझ्या खाटेवरच होती, माझी दोन्ही पोरं तिच्याच खाली झोपून मोठी झाली. सकाळी दोर धरून मी पाचदा उठले. दुपारी डोळा लागला. जागी झाले तर दोर सोडून, घडी घालून पायथ्याशी ठेवलेला.

"त्या कडीला नको ताई," जाऊ दारातूनच म्हणाली.

"का? कडी काय माहेराहून आणलीस?"

ती खाली बघायला लागली. "रिकाम्या कडीला दोर लोंबू नये म्हणतात. आणि त्यात लंगड्या माणसाचा..." तिनं जीभ चावली. मग हळूच म्हणाली, "तिसरा लागलाय. अजून कुणाला सांगितलं नाय."

लंगडं म्हणाली ते झोंबलं. पण मग ते मोरीतलं ओकणं आठवलं. रोजचं. पोटुशी बाई माझं भांडं उचलत होती, आणि मी तिला अत्तराचं बोलले होते. त्या दिवशी जेवढी घाण वाटली तेवढी गटारातही वाटली नव्हती, आणि ती माझी मलाच वाटत होती. माफी मागायची सवय आमच्यात नाय. म्हटलं, "आलं घालून चहा कर. दोघींना."

पण ठरवलं. तिच्या हातून भांडं सुटलं पायजे. आपल्या पायानं, नाय तर आपल्या हातानं, पण संडासाला मी जाणार.

दोर गेला तर गेला, विटा होत्या. जेवायच्या आधी विटा, जेवून झाल्यावर विटा. दहाचे वीस, विसाचे पन्नास. तळव्यांना घट्टे पडले. डालड्याच्या डब्यात रेती भरून वर-खाली करायची. हे म्हणाले, "तुझे दंड माझ्यापेक्षा मोठे झाले. उद्यापासून कारखान्यात तूच जा."

पाचव्या आठवड्यात, दुपारी संडासाला गर्दी नसते तेव्हा, कुबड्या घेतल्या. सगळा भार तळव्यांवर. बराकीच्या टोकाला सगळ्यांचा संडास, तिथपर्यंत गेले. एकदाही बगल टेकली नाय. आत शिरून कडी लावली, आणि तशीच उभी राहिले.

बसायचं कसं? खाली भोक, पाय ठेवायचे दोन उंचवटे, आणि माझा पाय काठीसारखा सरळ. इतके दिवस सगळ्यांनी हाताचा विचार केला. गुडघा वाकत नाय हे मला सुचलं नाय, ह्यांना नाय, त्या बाईलाही नाय. तिच्याकडं खुर्चीवाला संडास असेल. खाली बिड्यांची थोटकं, कुणी पाणी न टाकता गेलेलं, भिंतीवर झुरळं. मी थुंकले आणि परत आले.

"भांडं दे," म्हटलं जावेला.

"का? काय झालं?"

"बसता येत नाय."

ती फिसकन हसली. एवढं हसली की मलाही हसू फुटलं, रडू येत असताना. मग तिनं पायथ्याचा तो दोर उचलला, पदर नाकाला लावला आणि गेली. संडासाच्या मागच्या भिंतीत छातीएवढ्या उंचीवर जाळी होती, तिच्या गजाला दोर बांधून आली. येताना ओकली, पण बांधून आली.

दुसऱ्या दिवशी मी जाळीकडं तोंड केलं. प्लास्टरचा पाय समोर भिंतीला लावला, दोर दोन्ही हातांत धरला आणि हळूहळू खाली गेले. हातांनी धरून ठेवलं. तशीच वर आले. घरी येऊन म्हटलं, "ते भांडं फेकून दे. घासू पण नको."

प्लास्टर कापलं तेव्हा आतून जे निघालं तो पाय नव्हता, पिसं काढलेल्या कोंबडीची तंगडी होती. अजून लंगडते मी.

दोर तिथंच राहिला. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या त्याला धरून बसायला लागल्या. आठव्या-नवव्या महिन्यात जाऊही त्याला धरूनच उठायची. हातांच्या मळानं काळा चिकट झाला, बघवत नव्हता, पण कुणी सोडला नाय.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी ह्यांनी पाळण्याला नवा दोर आणला. दीर स्टुलावर चढायला लागला तर जाऊ म्हणाली, "तुम्ही नको. ताईंना बांधू द्या. त्यांच्या हातात जोर आहे."

मी मोरीत गेले, साबणानं दोनदा हात धुतले, आणि मग कडीला हात लावला.